यंदा काय बदललं?

डब्याच्या झाकणातली चीर तीन इंच लांब होती. तिच्या डाव्या कडेचा लाल रंग पार उडून खालचा पत्रा दिसत होता. उजव्या कडेचा रंग मात्र जवळजवळ शाबूत होता. उजव्या हाताने चिठ्ठी टाकणारा माणूस ती नकळत डाव्या कडेला घासून आत सोडतो. सत्तावीस वर्षांत काही हजार चिठ्ठ्या त्या कडेवरून गेल्या असणार. आर्डिस होवलँड काचेवर वाकून ती कड पाहत राहिली.

डबा कॉफीचा होता. आता तो काचेच्या पेटीत, निळ्या मखमलीवर ठेवलेला होता. शेजारी छापील कार्ड होतं : 'संघाचा पहिला डबा, १९६६.'

"पहिला म्हणजे? दुसरा कधी होता?" ती म्हणाली.

"चुकलंच जरा. बदलून घेतो कार्ड." ट्रेंट आल्डिंजर तिच्या शेजारी उभा होता. संघाचा यंदाचा अध्यक्ष, वय छत्तीस, गळ्यात नावाची पट्टी. पंधरा वर्षांपूर्वी ग्रानविक कॉलेजात शिकत असताना तो आर्डिसच्या कचेरीत तासाच्या मजुरीवर फाइली लावायचा. पेन्सिलींना टोकं काढायचा आणि निम्मी मोडायचा. अजूनही तिच्यासमोर उभा राहिला की तो खिशातून हात बाहेर काढून उभा राही.

"राहू दे कार्ड. पेटी उघडते का?"

"कुलूप आहे. किल्ली माझ्याकडे आहे. का हो?"

"सहज विचारलं."

बिस्मार्कच्या त्या हॉटेलच्या व्हरांड्यात एव्हाना शंभरेक माणसं जमली होती. अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण डाकोटा या दोन राज्यांतल्या आणि आसपासच्या प्रदेशातल्या कॉलेजांच्या मदत कचेऱ्यांची ही माणसं. कुठल्या मुलाच्या घराला शिक्षणाचा किती भार झेपेल आणि उरलेल्याची सोय कशी लावायची, हे ठरवणं त्यांचं काम. त्यांच्या संघाला यंदा चाळीस वर्षं होत होती. ज्या सात जणांनी तो सुरू केला, त्यांतली नोकरीत उरलेली एकटी आर्डिस होती. जूनमध्ये तीही निवृत्त होणार होती.

"आर्डिस, बरं झालं भेटलात." केंड्रा पूल लगबगीने आली. ती एका मोठ्या कर्ज कंपनीची प्रतिनिधी होती. हसरी, नीटनेटकी, प्रत्येकाच्या मुलाबाळांची नावं लक्षात ठेवणारी. "मी मागे लागलेय असं वाटून घेऊ नका हं. पण संध्याकाळच्या जेवणात घोषणा करायची तर पाटीवर नाव कोरायला द्यावं लागेल. तीनपर्यंत तरी सांगाल?"

"तीनपर्यंत सांगते."

"ऑक्टोबरातही तुम्ही 'सांगते' म्हणाला होतात," केंड्रा हसून म्हणाली.

"हो. म्हणाले होते खरी."

केंड्रा गेल्यावर ट्रेंट हळूच म्हणाला, "होय म्हणून टाका ना. तुमच्या नावाची शिष्यवृत्ती. ग्रानविकच्या बारा मुलांना, दर वर्षी. याहून चांगला निरोप कुणाला मिळतो?"

"आणि दोन वाजताचं?"

ट्रेंटने कागदी पेल्यात पाहिलं. दोन वाजता सर्वसाधारण सभा होती आणि तिच्यापुढे घटनेची एक दुरुस्ती होती. आजवर कर्ज कंपन्यांची माणसं संघाच्या बैठकांना येत, मागच्या रांगेत बसत, पण मत देत नसत. दुरुस्ती झाली की त्यांना मत मिळणार होतं आणि कार्यकारी मंडळात दोन जागा.

"ती नुसती औपचारिक बाब आहे, आर्डिस. नाहीतरी सगळा खर्च तेच करतात."

"औपचारिकच असेल तर वगळू या."

"तुमच्याशी बोलण्यात जिंकलोय का मी कधी?"

"पेन्सिली मोडण्यात जिंकायचास," ती म्हणाली आणि पर्स खांद्यावर घेऊन पुढे गेली. पर्समध्ये केंड्राच्या कंपनीचं पत्र होतं. सहा महिने उघडून-मिटून त्याच्या घड्या कापडासारख्या मऊ झाल्या होत्या. त्या पत्रात एकही अट नव्हती. आर्डिसने ते अनेकदा वाचून खात्री करून घेतली होती. अट लिहिलेली असती तर ती खोडून पत्र परत पाठवता आलं असतं.

आणि एक गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. नोव्हेंबरात एकदा, कचेरीत कुणी नसताना, तिने कागदाच्या तुकड्यावर 'आर्डिस होवलँड शिष्यवृत्ती' असं लिहून पाहिलं होतं. अक्षर चांगलं आलं होतं.

*

ती रसायनशास्त्राची. १९६५ साली ग्रानविकच्या प्रयोगशाळेत चोवीस वर्षांची आर्डिस मुलांना अनुमापन शिकवत होती. एक दिवस डीन आले आणि त्यांनी टेबलावर फॉर्मांची दोन खोकी ठेवली.

"सरकारने नवा कायदा केलाय. मुलांना पैसे वाटायचे आहेत. तुला स्लाइड रूलवर हिशेब येतो ना?"

"येतो. पण हे कसं वाटायचं ते येत नाही."

"ते कुणालाच येत नाही," डीन म्हणाले आणि गेले.

खरंच कुणाला येत नव्हतं. प्रत्येक कॉलेजाने ही खोकी ज्याला वेळ आहे असं वाटलं त्याच्या गळ्यात मारली होती. कुठे पाद्र्याच्या, कुठे खजिनदाराच्या. एका कॉलेजात फुटबॉलचा प्रशिक्षक बड लिंडक्विस्ट हे काम करी, आणि एका मठाच्या कॉलेजात सिस्टर क्लोटिल्ड. पुढच्या वसंतात आर्डिसच्या कानावर आलं की एकाच मुलाला चार कॉलेजांनी मदत देऊ केली आहे आणि प्रत्येकाचा आकडा आधीच्याहून मोठा आहे. मुलगा सहा फूट तीन इंच उंच होता आणि त्याच्या बापाचं मोटारींचं दुकान होतं. त्याच गावातल्या एका हुशार मुलीला चारही कॉलेजांनी 'निधी संपला' असं कळवलं होतं.

आर्डिसने त्या चौघांना पत्रं टाकली. आणखी दोघांना सुगावा लागला. मे महिन्यात सगळ्यांना मध्यावर पडेल अशा गावी, एका ल्यूथरन चर्चच्या तळघरात, ते सात जण भेटले.

आधी वाद झाला तो जेवणाचा. चर्चच्या बायका स्वयंपाक करायला तयार होत्या. त्या तालुक्याच्या बँकेचा मालक खर्च द्यायलाही तयार होता. सिस्टर क्लोटिल्ड लहानखुऱ्या होत्या आणि पायात पुरुषी बूट घालत. त्या म्हणाल्या, "आपला डबा आपण आणायचा. दुसऱ्याच्या ताटात जेवायला बसलं की मान आपसूक त्याच्याकडे वळते."

"सिस्टर, मला अंडंसुद्धा उकडता येत नाही," बड म्हणाला.

"मग उपाशी बसा. मोजायला बरं पडतं."

बडने त्या दिवशी कॉफीचा एक डबा आणला होता. कॉफी सगळ्यांनी प्यायली. रिकाम्या डब्याच्या झाकणाला त्याने छिन्नीने चीर पाडली. कल्पना आर्डिसची होती. एक खरी फाइल घ्यायची, तिच्यातलं नाव-गाव कापून टाकायचं आणि मोठ्याने वाचायची. या घराला किती झेपेल तो आकडा प्रत्येकाने एकमेकांना न दाखवता चिठ्ठीवर लिहायचा, डब्यात टाकायचा. मग चिठ्ठ्या उघडायच्या.

पहिल्या दिवशी सात चिठ्ठ्या निघाल्या आणि सात आकडे. सर्वांत लहान शून्य होता, सर्वांत मोठा नऊशे.

"एकाच माणसाचं वजन सात तराजूंवर केलं आणि एवढा फरक आला, तर मी तराजू फेकून देते," आर्डिस म्हणाली.

"आम्हालाच फेकून देतेस का, टेस्टट्यूब?" बड म्हणाला. ते नाव तिला कायमचं चिकटलं.

ते तराजू नीट करायला त्यांना तेरा वर्षं लागली. दर वसंतात आणि शरदात ते भेटत. सातांचे पंधरा झाले, पंधरांचे एकतीस. तक्ते आले, केंद्रीय फॉर्म आला, नियमांची पुस्तकं जाड होत गेली. चिठ्ठ्यांमधला फरक नऊशेवरून दोनशेवर आला, मग पन्नासवर. १९७९च्या एप्रिलमध्ये आर्डिसने आपल्याच कॉलेजाची एक फाइल आणली, नाव कापून. एकतीस चिठ्ठ्या उघडल्या आणि एकतीस जणांचा आकडा एकच निघाला. चौदाशे डॉलर. माणसं उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. सिस्टर क्लोटिल्डनी बूट जमिनीवर आपटले. आर्डिस घरी जाताना गाडीत गाणं म्हणत होती.

ऑगस्टमध्ये त्या फाइलमधली मुलगी कॉलेजात आलीच नाही.

कॅरल शाट्झ ग्रानविक गावातलीच होती. आर्डिस तिच्या घरी गेली. दार कॅरलनेच उघडलं. अंगात किराणा दुकानाचा हिरवा एप्रन होता. तिचे वडील त्या जानेवारीत वारले होते. फॉर्म मागच्या वर्षीची मिळकत विचारत होता. मागच्या वर्षी ते जिवंत होते. फॉर्म अचूक भरलेला होता, तक्ता अचूक होता, बेरजा अचूक होत्या. एकतीस जणांनी मिळून एका मेलेल्या माणसाकडे चौदाशे डॉलर मागितले होते.

"तू मला सांगायचं होतंस ना," आर्डिस म्हणाली.

कॅरलच्या आवाजात राग नव्हता. "तुमच्या पत्रात नुसता आकडा होता. त्यात विचारलं काहीच नव्हतं."

प्रयोगशाळेत पहिल्याच आठवड्यात शिकवायची गोष्ट आर्डिस विसरली होती. तीन वेळा मोजून तिन्ही वेळा तेच उत्तर आलं, तरी उपकरणच चुकलेलं असू शकतं. त्या शरदातल्या बैठकीत तिने हे सगळं उभं राहून सांगितलं, टाळ्यांसकट. मग तिने आणि सिस्टरनी मिळून संघाच्या घटनेत चौथं कलम घातलं. प्रत्येक सभेत, कुठल्याही मतदानाआधी, एक फाइल वाचली जाईल. आकडा ठरवण्याआधी प्रत्येक सदस्य एक प्रश्न विचारेल : यंदा काय बदललं?

सत्तावीस वर्षं होऊन गेली तरी ग्रानविकच्या त्या दुकानात कॅरलच गल्ल्यावर होती. आर्डिस दर शनिवारी तिच्याच रांगेत उभी राही. "कागदी पिशवी की प्लास्टिकची?" कॅरल विचारी. "कागदी," आर्डिस म्हणे. दोघींत याहून जास्त बोलणं क्वचितच होई.

डबा बंद पडला तो १९९३ साली. कुणी बंद केला नाही. एका कर्ज कंपनीने दुपारचं जेवण देऊ केलं आणि ते अकरापासून सुरू झालं. अकरा ते बारा ही डब्याची वेळ होती. त्या वर्षी सिस्टर क्लोटिल्ड आजारी होत्या. आर्डिस त्या जेवणाला बसली होती आणि तिने सामन मासा खाल्ला होता. चांगला झाला होता.

*

यंदाचं जेवण केंड्राच्या कंपनीचं होतं. आर्डिस त्या दालनाशी वळली नाही. कोटांच्या खोलीबाहेर एक बाक होता, तिथे बसून तिने पर्समधून मेणकागदाची पुडी काढली. बड लिंडक्विस्ट काठी टेकत आला आणि शेजारी बसला. तो चौऱ्याऐंशी वर्षांचा होता, डाव्या कानाने बहिरा. संघाने त्याला मानद सदस्य केलं होतं, म्हणजे त्याला जेवण होतं, मत नव्हतं.

"आत गोमांसाचा रोस्ट आहे. गुलाबी," तो म्हणाला.

"मग जा की."

"काय आणलंयस?"

"हॅम."

"दे अर्धं." त्याने एक घास घेऊन बराच वेळ चावला. "चाळीस वर्षांत हे सँडविच जराही सुधारलं नाही. मोहरी काय महाग झालीय का?"

आर्डिसने पत्र काढून त्याच्या हातात दिलं. बडने ते हातभर लांब धरून दोनदा वाचलं.

"बारा पोरं," तो म्हणाला.

"हो."

"दर वर्षी."

"हो."

"घे की मग. तुला अडचण काय आहे? त्यांना मत दिलं काय, नाही दिलं काय, पैसा त्यांचाच चाललाय. बारा पोरं, टेस्टट्यूब. तुझ्या तत्त्वाने त्यांच्या खोलीचं भाडं भरणार आहे का?"

"नाही भरणार."

"मग?"

आर्डिसने मेणकागदाची घडी केली. "एक मुलगी आहे, जोएल नावाची. बाप धान्याचे ट्रक चालवतो. फेब्रुवारीत त्याला झटका आला, उजवी बाजू गेली. फॉर्म जानेवारीचा आहे. मी आईला फोन केला तेव्हा कळलं. माझ्या सहीने यंदाची मिळकत धरून सगळं परत मांडलं. तरी तीन हजार शंभर कमी पडतात. त्या शिष्यवृत्तीतून बरोबर भागलं असतं."

"म्हणजे तू मला तुझ्याविरुद्धचा मुद्दा सांगतेयस."

"तो आहेच ना. म्हणून तर सहा महिने गेले."

आतून हसण्याचा मोठा आवाज आला. कुणीतरी पेल्यावर चमचा वाजवत होतं.

"आमच्या कचेरीत मुलांना कर्ज कंपन्यांची एक यादी मिळते," आर्डिस म्हणाली. "पहिलं नाव असतं तिथेच मुलं सही करतात. दुसरं कुणी वाचत नाही. गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजाचे अध्यक्ष मला भेटले. शिष्यवृत्तीबद्दल बोलले आणि मग म्हणाले, यादी कोण लावतं गं? एवढंच विचारलं."

बडने पत्र घडी घालून तिला परत दिलं.

"बारा मुलांना मिळतील, बड. आणि चारशे मुलं पहिल्या नावापाशी सही करतील. ती चारशे माझ्या नावाच्या पाटीखालून जातील. त्यांच्या घरी काय बदललं हे विचारणारं कुणी उरणार नाही, कारण विचारलं की कर्ज कमी लागतं. आणि आज दोन वाजता ते विचारायचं की नाही हे ठरवणाऱ्यांत कर्ज देणारेही बसतील."

"हे तू आत जाऊन सांगितलंस तर तुझे अध्यक्ष तुला जूनपर्यंत ठेवतील का?"

"ठेवतील. निरोपाचा केक लहान आणतील."

बड हसला, मग खोकला. "त्या पोरीला काय सांगशील?"

"जे आहे ते. फोन करून. पत्र नाही पाठवणार."

"मी असतो तर घेतले असते पैसे."

"माहितीये."

"आणि तू मला मरेपर्यंत ऐकवलं असतंस."

"तेही माहितीये," आर्डिस म्हणाली. ती उठली. "चल. ट्रेंटकडून किल्ली घ्यायचीय."

*

दोन वाजता ट्रेंटने सभा सुरू केली तेव्हा डबा त्याच्यासमोरच्या टेबलावर होता. किल्ली त्याने काही न विचारता दिली होती.

"हरकतीचा मुद्दा आहे," आर्डिस उभी राहून म्हणाली. "कलम चार. मतदानाआधी फाइल वाचायची असते."

सभागृहात कुजबुज झाली. तिसऱ्या रांगेतल्या एकाने लॅपटॉपवरून मान वर केली. "ते कलम अजून आहे?"

"कुणी काढलेलं नाही," ट्रेंट म्हणाला. त्याने घटनेची पुस्तिका उघडून पाहिली, जरा जास्तच वेळ. "आहे. वाचा, आर्डिस."

तिने वाचलं. नाव, गाव, कॉलेज काहीही न सांगता. बाप मालमोटार चालवतो. आई शाळेच्या स्वयंपाकघरात अर्धा दिवस. दोन लहान भाऊ. घर स्वतःचं. मागच्या वर्षीची मिळकत अमुक, कर अमुक. फॉर्मवर एकही चूक नाही. मग कोरे कागद वाटले गेले. सगळीकडे कळफलकांची टकटक सुरू झाली.

मागच्या रांगेत केंड्राने हात वर केला. "आम्हीही लिहू का? गंमत म्हणून?"

"तुम्हाला अजून मत नाही," आर्डिस म्हणाली. "पण ऐका जरूर."

डबा रांगांमधून फिरला. कागद पत्र्याला घासल्याचा तो बारीक आवाज तिने तेरा वर्षांनी ऐकला. एकशे बारा चिठ्ठ्या झाल्या. ट्रेंटने एकेक उघडून वाचायला सुरुवात केली. सहा हजार दोनशे चाळीस. सहा हजार दोनशे चाळीस. सहा हजार दोनशे चाळीस. पन्नासाव्या चिठ्ठीपर्यंत लोक हसायला लागले होते, साठाव्याला कुणीतरी टाळी वाजवली. आर्डिसने तो आवाज ओळखला.

शेवटी टेबलावर एका बाजूला एकशे नऊ चिठ्ठ्यांचा ढीग होता. तीन चिठ्ठ्या वेगळ्या काढलेल्या होत्या. त्यांच्यावर आकडा नव्हता. एकीवर लिहिलं होतं, 'वडील अजून कामावर आहेत का?' दुसरीवर, 'घरी विचारल्याशिवाय सांगता येणार नाही.' तिसरी पेन्सिलीने लिहिलेली होती : 'यंदा काय बदललं?' शेवटच्या अक्षरापाशी टोक मोडून कागदाला भोक पडलं होतं. आर्डिसने ट्रेंटकडे पाहिलं नाही.

"वडिलांना फेब्रुवारीत झटका आला," ती म्हणाली. "ट्रक दारात उभा आहे. तो आता चालवायचा कुणी? या घराकडे आपण सहा हजार दोनशे चाळीस डॉलर मागितले."

"हे तुम्ही सांगितलंच नाहीत," लॅपटॉपवाला म्हणाला.

"नाही सांगितलं. तुम्ही विचारलंही नाही."

हे वाक्य तिचं नव्हतं. हिरव्या एप्रनमधल्या एका मुलीचं होतं. आर्डिस ते सत्तावीस वर्षं सांभाळून होती.

केंड्रा उठून उभी राहिली. या वेळी ती हसत नव्हती. "मला एक बोलू द्या. मी कर्जावर शिकले. माझ्या आईला कुठल्या कॉलेजाने काही विचारलं नाही. शेवटी विचारलं ते कर्ज कंपनीने. आम्ही नसतो तर मी आज इथे नसते. आम्हाला उंबऱ्याबाहेर ठेवून तुम्ही काय मिळवता?"

हा प्रश्न खरा होता आणि आर्डिसला तो मान्य होता.

"तुमच्या आईला आम्ही विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "ती आमची चूक. ती दुरुस्त करायची तर आमच्यातल्या एकशे नऊ जणांना परत शिकवावं लागेल, आणि ते मी जूनपर्यंत करायला तयार आहे. माझा डबा घेऊन येईन. पण आम्ही चुकलो म्हणून आमचं मत तुम्हाला द्यायचं, हे मला पटत नाही." ती ट्रेंटकडे वळली. "अध्यक्ष, हात वर करून नको. नावं पुकारून मत घ्या."

"त्याला वेळ लागेल, आर्डिस."

"चाळीस वर्षं लागलीच आहेत."

मागून काठी जमिनीवर आपटल्याचा आवाज आला. बडला मत नव्हतं, पण काठी होती.

ट्रेंटने सदस्यांची वही पुढे ओढली. त्यांच्यात नावं वर्णानुक्रमे लावत नसत. जो आधी आला त्याचं नाव आधी. पहिल्या पानावर सात ओळी होत्या, त्यांतल्या सहांवर वेगवेगळ्या शाईने रेघ मारलेली होती. त्याने उरलेल्या ओळीवर बोट ठेवलं.

"होवलँड, आर्डिस. ग्रानविक कॉलेज," तो म्हणाला. "दुरुस्तीला?"

आर्डिसने पर्स उघडून पत्र बाहेर काढलं आणि त्या तीन चिठ्ठ्यांच्या शेजारी, टेबलावर ठेवलं. मऊ पडलेल्या घड्या तिथे आपोआप उलगडल्या. घड्याळात तीनला वीस मिनिटं कमी होती.

"दुरुस्तीला, नाही," ती म्हणाली. "आणि केंड्रा, ऑक्टोबरपासून तुम्हाला ताटकळत ठेवलं, त्याबद्दल माफ करा. शिष्यवृत्तीलाही नाही."